नाकुंडाची झाडं

दरीतली झाडं माझ्या सासूची. सासऱ्याची नव्हती, सासरच्या लेमांच्या कुळाची नव्हती आणि सरकारची तर नव्हतीच, पाटी त्यांनी लावली म्हणून काय झालं. सासूचं नाव नाकुंडा. ती पारे डोंगरातून लग्न होऊन इकडे किलीमांजारोच्या उतारावर, माचामेत आली, तेव्हा रोपं घेऊन आली होती. केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून, टोपलीत, पिठाच्या पिशवीखाली. तिच्या माहेरी बाळंतिणीला त्या झाडाचा पाला उकळून न्हाऊ घालतात. सासरी काय मिळेल, काय नाही, याचा तिच्या आईला भरवसा नव्हता. बरोबरच होतं तिचं. आमच्या लोकांना पारेच्या माणसांची टिंगल करायला तेवढी येते.

आमच्या केळीच्या बागेमागे दरी आहे, दरीच्या डोक्याशी झरा आहे, आणि झऱ्यापासून आमचा पाट सुरू होतो. तिथे ओलीला तिने ती रोपं लावली. झाडं फार उंच होत नाहीत. त्यांना फुलं फांदीवर येत नाहीत, खोडालाच येतात, पिवळट, जाड पाकळ्यांची, कोणी मेणाने चिकटवल्यासारखी. पान चुरगळलं की लिंबू आणि आलं एकत्र ठेचल्याचा वास. लेमांच्या घरात जन्मलेलं एकेक पोर त्या वासात न्हालं आहे. माझं, माझ्या जावेची सगळी, त्यांच्या पोरांची पोरं.

मी नवी नवरी असताना कुठला तरी लांब तंगड्यांचा गोरा आला. झाडपाला गोळा करत हिंडायचा, वर्तमानपत्रांत दाबून ठेवायचा. आमच्या दरीत उतरला आणि खोडावरची फुलं बघून ओरडलाच. पुढे कळलं की हे झाड जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाही, फक्त आमच्या दरीत आहे. त्याने झाडाला नाव दिलं, पुस्तकात घातलं. त्याने पाद्र्याला विचारलं होतं, मुखियाला विचारलं होतं, माझ्या सासऱ्याला विचारलं होतं. सासऱ्याने छाती काढून सांगितलं, "आमच्या पणज्याच्या आधीपासून आहेत." नाकुंडा दारात बसून घेवडा सोलत होती. तिला कोणी विचारलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात ती इतकी हसली की मला तिच्या पाठीवर थापटावं लागलं. "जगात कुठे नाही म्हणे! अगं, माझ्या बापाच्या मागच्या रानात शेळ्या बांधतात त्या झाडांना."

मी म्हटलं, "मग सांगा की त्यांना, आई."

"कशाला? मिरवू दे लेमांना. मिरवतायत ते माझंच."

बाई अशी होती. मी तिच्याच हाताखाली तयार झाले.

त्या पुस्तकावरून सरकारने दरीत राखीव झाडांची पाटी लावली, तेव्हापासून दरीत कुऱ्हाड बंद. आजूबाजूच्यांनी आपापल्या दऱ्या आधी कॉफीसाठी साफ केल्या, मग मक्यासाठी, मग घरांसाठी. त्यांचे झरे आटले. आमचा पाट वाहत राहिला. नाकुंडा गेली तेव्हा तिच्या शब्दाप्रमाणे तिला तिथेच, झाडांच्या कडेला पुरलं. माझी जागा तिच्या शेजारी, हेही तेव्हाच ठरलं होतं.

हैकाएली माझी एकुलती एक. तिच्यानंतर माझी कूस उजवली नाही. इथे बाईला तिच्या पहिल्या पोराच्या नावाने हाक मारतात. लग्नाआधीचं माझं नाव आता माझ्या भावांनाही आठवावं लागतं. मी हैकाएलीची आई. चर्चमध्ये तीच, बाजारात तीच, नवऱ्याच्या तोंडीही तीच. मुलगी असली तरी मी मान खाली घातली नाही. नवरा वारला आणि दिरांचं लक्ष माझ्या बागेकडे गेलं. मुलगा नसलेल्या विधवेची जमीन म्हणजे कुळातल्या पुरुषांना वाढून ठेवलेलं ताट. पण दरीच्या बाजूने त्यांना हात लावता येत नव्हता. तिथे पाटी होती, आणि पाटीमागे सरकार होतं. दिराचा मुलगा अमिनिएल डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोठं विश्रामगृह बांधायला निघाला होता. भागीदार मिळाले, जागा मिळाली, रस्ता मात्र माझ्या दरीतूनच जाणार. दर सणाला यायचा, "मोठी आई, तब्येत काय म्हणते?" असं विचारायचा आणि माझ्या खांद्यावरून दरीकडे बघायचा.

मी म्हणायची, "माझी तब्येत इकडे आहे बाबा, तिकडे नाही."

माझी पोरगी त्या झाडांखाली रांगली, तिथेच खेळली, तिथेच तिने पुस्तकं वाचली, आणि झाडांचीच विद्या शिकून शहरात विद्यापीठात शिकवायला लागली. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, नखांत माती. डोंगराडोंगरांत फिरून कुठे कोणती झाडं आहेत, कोण कोणाच्या जातीचं, कोण वेगळं, हे ठरवायचं तिचं काम. मला अभिमान होता. तो मी लपवलाही नाही. जावेसमोर तर मुळीच नाही.

आणि जावेसमोरच माझी जीभ सुटली.

डिसेंबर होता. डिसेंबरात आमच्यातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो, नाही आला तर मेला असं धरतात. बकरं कापलेलं, अंगणभर धूर, केळ्यांची दारू म्बेगे भोपळ्यातून हातोहात फिरत होती. अमिनिएलचं नुकतंच लग्न झालेलं. नवीन सून पलीकडे भांडी घासत होती आणि माझी जाऊ, अमिनिएलची आई, पाय पसरून तिचं कौतुक सांगत होती.

"आमच्या सुनेने फ्रिज आणला. शिलाई मशीन आणलं. मोठं घर आहे माहेरचं. नाहीतर आमच्या सासूबाई! पारेची बाई. अंगावर एक लुगडं आणि रिकामे हात."

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"खोटं आहे का? काय आणलं होतं सांगा. मला तर एक मडकंसुद्धा दिसलं नाही."

"दिसणार कसं? तुझी नजर फ्रिजवर. तुझी सगळी पोरं ज्या पाण्यात न्हाली ना, ते पाणी तिने आणलं होतं. दरीतली झाडं कोणाची गं? तुझ्या सासऱ्याची? त्या माणसाने जन्मात मिरचीचं रोप लावलं नाही. नाकुंडाने आणली ती झाडं, बापाच्या घरून, डोक्यावरून!"

सगळे हसायला लागले. अमिनिएल तर मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे आमची जगात एकमेव झाडं पारेच्या लोकांची? अरे देवा! आता ते कज्जा घालून परत मागतील."

एकटी हैकाएली हसली नाही. तिच्या हातात भोपळा होता, तो तिने न पिताच पुढे दिला.

"आई, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? जिने आणली तिने."

"कुठल्या गावाहून?"

मी गावाचं नाव सांगितलं. ओढा सांगितला. बापाचं घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला, मागे रान कसं, शेळ्या कुठे बांधायचे, सगळं सांगितलं. जावेचं तोंड उतरलं होतं. मी खुशीत होते. सासूची अब्रू राखली म्हणून त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

सुट्टी संपायच्या आधीच हैकाएली निघून गेली. विचारलं तर म्हणाली, पारेला जाऊन येते.

परत आली ती पाठीवर झाडपाला दाबायच्या फळ्या बांधून. आल्या आल्या माझ्या टेबलावरचं म्तोरीचं पातेलं तिने बाजूला सारलं. केळी आणि मटण घोटून केलेलं ते तिचं आवडतं गरम सार, तिच्यासाठीच ठेवलं होतं. त्या जागी तिने दोन कागद मांडले. दोन्हींवर वाळलेली फांदी, खोडाची साल, फूल, चिरलेलं फळ.

"यातलं आपलं कुठलं, आई?"

मी दोन्ही बघितली. वास घेतला. पान पालथं केलं. मग डावीकडच्यावर बोट ठेवलं. "हे. हे काय विचारतेस मला? माझं घर मला ओळखू येणार नाही?"

"ते पारेचं आहे."

मी दोन्ही पानं पुन्हा नाकाशी नेली.

"मलाही ओळखू आलं नाही," ती म्हणाली. "पाकळी मोजली, बी कापून पाहिलं, पानाखालची लव भिंगाखाली पाहिली. काही फरक नाही. आई, तिथे ही झाडं भरपूर आहेत. आणि त्यांना आधीच नाव आहे, आपल्या गोऱ्याच्याही आधी कोणीतरी देऊन ठेवलेलं. एका झाडाला दोन नावं पडली तर जुनं राहतं. नंतरचं गळतं."

"म्हणजे आपलं?"

"आपलं असं वेगळं झाड नाहीच."

"पाटीचं काय?"

ती खाली बघायला लागली. मला उत्तर मिळालं.

मी म्हटलं, "मग लिहू नकोस."

"आई..."

"लिहू नकोस. कोणी मागितलंय? एवढ्या डोंगरांत एवढी झाडं आहेत, त्यातल्या एकाचं नाव चुकलं तर तुझं विद्यापीठ बुडणार आहे का? ते अमिनिएलचं रस्ता खणायचं मशीन दरीच्या तोंडाशी उभं आहे. त्या पाटीशिवाय माझ्या मागे कोण आहे? नवरा आहे? मुलगा आहे?"

"मी आहे."

"तू? तू तर कुऱ्हाडीला धार लावून बसलीयस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. तो कोणाकडून घेतलाय ते मला ठाऊक आहे. "मी लहान असल्यापासून एकच विचारत आलेय, हे झाड इथेच का? मातीमुळे? पाण्यामुळे? थंडीमुळे? माझं सगळं शिक्षण त्या प्रश्नावर झालं. आणि तुला माहीत होतं. माझ्यासमोर तू ताटं वाढत होतीस आणि तुला माहीत होतं."

"तू मला विचारलंस कधी?"

"आता विचारलं आणि तू सांगितलंस. मी जाऊन बघितलं. बघितलेलं न बघितल्यासारखं कसं करू? उद्या दुसरं कोणी बघेल. हल्ली रक्ताच्या थेंबावरून माणसांचं नातं काढतात, तसं पानाच्या तुकड्यावरून झाडांचंही काढतात. मग म्हणतील, हिच्या घरची झाडं होती म्हणून हिने लपवलं."

"म्हणू देत. घरच्यासाठी खोटं बोलते म्हणतील. इथे कोण नाही बोलत?"

"झऱ्यासाठी वेगळा अर्ज करू. वाट काढू काहीतरी."

"झरे सगळ्यांच्याच दऱ्यांत होते, पोरी. जाऊन बघ आता, काय वाहतंय ते."

ती न जेवता गेली. म्तोरी मी शेजारणीच्या डुकरांना घातली.

त्यानंतर कितीतरी दिवस तिचा फोन वाजला की मी तो पालथा ठेवायची. जाऊ कुंपणावरून हाक मारायची, "हैकाएलीच्या आई, पोरगी येत नाही हल्ली?" मी म्हणायची, "तिला कामं आहेत. तुझ्या पोरासारखी दुसऱ्याच्या दरीवर नजर ठेवून बसत नाही." बोलायची खरं, पण मग पालथ्या फोनकडे बघत बसायची. मी कोणाला सांगितलं नाही. अमिनिएलला काही कळलेलं नव्हतं. पाटी जागेवर होती. मला वाटायला लागलं, पोरगी माझी आहे, नाकुंडाची नात आहे, ती गप्प बसली असेल.

कॉफीला फुलं आली तेव्हा ती आली.

सकाळची वेळ. मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. बघते तर कुंपणाबाहेर हैकाएली उभी, आत येत नव्हती. हातात इसालेचं पान, मधोमध गाठ मारलेलं. इसाले म्हणजे आमच्या कुंपणाला लावतात ती लांब, हिरव्या पानांची झाडं, पूर्वजांच्या कवट्याही आधी त्यांच्याखाली ठेवायचे. त्याचं पान घेऊन कोणी दारात आलं की क्षमा करावी लागते. नाही म्हणता येत नाही. माझ्या नवऱ्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, एकमेकांच्या मयतीलाही जाणार नव्हते. पान आलं आणि त्याच दुपारी दोघं एका भोपळ्यातून प्यायले. एकदा पान हातात घेतलं की अपराध संपला. त्यावर पुन्हा शब्द काढायचा नाही, शाप द्यायचा नाही, मनातसुद्धा धरायचं नाही असं म्हणतात. मनातलं कोण बघायला जातंय, पण तोंडाला तर कुलूप लागतंच.

रीत अशी की आणणाऱ्याने आधी अपराध बोलायचा. काय केलं ते स्वच्छ सांगायचं. मग समोरच्याने पान घ्यायचं.

मी दाण्यांची परात खाली टाकली. कोंबड्या माझ्या पायांतून पळाल्या. कुंपणाशी गेले आणि तिच्या हातातून पान ओढूनच घेतलं. मला वाटलं, आली. वाकली. माझं ऐकलं तिने. भांडून गेली म्हणून क्षमा मागायला आली. माझ्या पोरीने माझ्यासाठी तोंडातला शब्द गिळला, आणि मी तिला उन्हात उभी करून तो ओकायला लावू? छे. एवढी मी मोठ्या मनाची.

तिने तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "चल आत. बोलू नकोस काही. आधी जेव."

पान मी दाराच्या चौकटीवर खोचलं. म्तोरी केली. ती जेवत होती, मी समोर बसून बघत होते, वाळली आहे की काय म्हणून. ती निम्मं जेवली आणि तिने चमचा ठेवला.

"छापून आलं, आई."

"काय?"

"झाडाचं. त्यात तुझं नाव घातलंय. झाड पारेहून आलं, ही माहिती माझ्या आईने दिली, असं."

मी चौकटीकडे बघितलं. पान तिथे होतं.

"मग हे कशाचं?"

"त्याचंच."

"मला वाटलं..."

"मी सांगणार होते, आई. तू सांगू दिलं नाहीस."

खरं होतं. तिने फसवलं नाही. रीत मी मोडली, तिने नव्हे. ज्या बाईने आयुष्यभर चार घरांना रीत शिकवली, त्या बाईने. आणि आता पान चौकटीत होतं आणि माझ्या तोंडात जे आलं होतं ते मला परत खाली ढकलावं लागलं. काय काय आलं होतं ते मी इथेही लिहिणार नाही. क्षमा केलेली आहे.

मी म्हटलं, "जेव. गार होतंय."

कचेरीतली माणसं आली ती शांत माणसं होती. पाटी काढताना त्यांनी माझी परवानगीसुद्धा विचारली. त्यातल्या एकाने पाटीच्या खांबाचा खड्डा बुजवून पायाने दाबला, कोणी अडखळू नये म्हणून. मी झऱ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "माई, झऱ्याचं खातं वेगळं." त्यांचं झाडाचं होतं. झाड आता साधं होतं.

हैकाएलीने झऱ्यासाठी अर्ज केला. ते तिने केलं, हे मी नाकारत नाही. अर्ज कुठल्या तरी टेबलावर बसला. अमिनिएल बसला नाही.

तो घरी आला, टोपी हातात घेऊन. मोठा नम्र.

"मोठी आई, मी कुळाच्या म्हाताऱ्यांना विचारलंय. सगळ्यांनी हो म्हटलं. आजीच्या कबरीला धक्का लागणार नाही. रस्ता बाजूने वळवतोय."

"फार उपकार केलेस. म्हणजे ती आता तुझ्या पाहुण्यांच्या गाड्या मोजत बसेल."

"असं काय बोलतेस? मला काय हौस आहे? आता ती झाडं काही खास नाहीत, असं आपल्या हैकाएलीनेच लिहिलंय. शिकलेली पोरगी आहे, खोटं थोडंच लिहील?"

मी उभी राहिले. त्याने टोपी घातली. हे पोर मी त्याच पाल्याच्या पाण्यात न्हाऊ घातलं होतं, माझ्या या हातांनी, त्याच्या आईला ताप होता म्हणून. ते मी त्याला सांगितलं नाही. ज्याला आठवत नाही त्याला सांगून काय होतं, आणि ज्याला आठवतं तो टोपी घालून असा उभा राहत नाही.

तोडायला माणसं आली त्या दिवशी हैकाएलीही आली. मी बोलावलं नव्हतं. मशीनच्या करवतीला ती खोडं म्हणजे काकडी. खोडावर फुलं होती, ती भुश्याबरोबर उडत होती. सगळी दरी त्या वासाने भरली, लिंबू आणि आलं, एवढा वास मला एकाही बाळंतपणात आला नव्हता. मी सासूच्या कबरीशी उभी राहिले.

आणि माझी लेक काय करत होती? आडव्या पडलेल्या झाडांवरून फिरत होती. फळं वेचत होती. साल कापून पिशव्यांत भरत होती, पिशवीवर खूण करत होती, भिंगाने बघत होती. डोळे गळत होते आणि हात चालूच होते. एक करवतवाला तिला म्हणाला, "बाजूला व्हा, डॉक्टरीणबाई." तिने त्यालाच फांदी वर धरायला लावली.

मला ओरडायचं होतं. पण पान माझ्या चौकटीत होतं. मी घरी गेले आणि तिच्यासाठी पाणी आणलं. तिने ते घटाघटा प्यायलं आणि रिकामा तांब्या माझ्या हातात देताना म्हणाली, "बिया रुजतील, आई. मी रोपं करून आणीन."

"आण," मी म्हटलं. "ती साधी झाडं आहेत. कुठेही रुजतील."

जाताना मी पडलेल्या फांद्यांचा पाला ओढून काढला, कवेत मावेल एवढा. चुलीवरच्या माळ्यावर वाळत घातला. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. घरातली बाई पडलेलं सोडून येत नाही, एवढंच.

रस्ता झाला. पाट आधी बारीक झाला, मग आठवड्यातून एखाद्या दिवशी यायला लागला, मग त्यात पोरं बूट घालून चालायला लागली. मी खालच्या नळावरून पाणी आणते. रस्त्याने जाणारे पाहुणे मला हात करतात. हैकाएली डिसेंबरात आली, रोपांची पिशवी घेऊन. ओल नसलेल्या दरीत ती कुठे लावणार? पिशव्या घरामागे सावलीत आहेत. तीच येऊन पाणी घालते. मी घालत नाही. तिला चहा देते, जेवू घालते, तब्येत विचारते. क्षमा केलेल्या पोरीला आईने जे जे द्यायचं ते सगळं देते. ती कधीकधी माझ्याकडे बघत बसते, काहीतरी अजून बाकी आहे अशी. बाकी काही नाही. पान घेतलेलं आहे.

मग परवा अमिनिएलची बायको बाळंत झाली. मुलगा झाला. आमच्यात बाळंतीण घरात आत बसते, तिला दुधातलं, बकऱ्याच्या रक्तातलं पौष्टिक खाऊ घालतात, आणि लेमांच्या घरात तिला नाकुंडाचा पाला लागतो. ते आता कोणाला सांगावं लागत नाही, रीतच झाली आहे. फ्रिजवाल्या सुनेचं अंग दुखतंय, पोराला गॅस होतोय, आणि पाला नाही.

दुपारी जाऊ आली. कुंपणाबाहेरच थांबली. एवढी वर्षं हक्काने चुलीपर्यंत येणारी बाई. हातात इसालेचं पान, गाठ मारलेलं.

"हैकाएलीच्या आई," ती म्हणाली आणि पान पुढे केलं.

मी पुढे गेले. हात पदराखाली घेतले, दोन्ही.

"आधी बोल. कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत आहे ना."

"मला नाही माहीत. मी अडाणी बाई. तू बोल."

"पोरगी तळमळतेय हो. नातू रडतोय. थोडा पाला असेल तर..."

"ते मागणं झालं. पानाला मागणं चालत नाही, अपराध लागतो. बोल, काय केलं तुझ्या घराने? एकदा तोंडाने बोल, मी इथल्या इथे घेते."

ती उभी राहिली. ओठ हलले. नाकुंडाला तिने आयुष्यभर ज्या तोंडाने हिणवलं त्या तोंडातून अपराधाचा शब्द येईना. तिच्यामागून रस्त्यावर पाहुण्यांची गाडी गेली आणि आम्हा दोघींवर धूळ बसली. खालच्या घरातून पोराचं रडणं येत होतं.

मी आत गेले. माळ्यावरचा पाला काढला, होता नव्हता तेवढा सगळा. पारेच्या बाईचा पणतू आहे तो, त्याने काय केलंय? फडक्यात बांधला, कुंपणावरून तिच्या डाव्या हातात दिला.

उजवा हात पुढेच होता. पान घेऊन.

"भांडं मोठं घे," मी म्हटलं. "आणि पाण्याला उकळी फुटली की झाकण ठेव. हा संपला की पारेला जा. तिथे शेळ्या बांधतात याला."

पान मी घेतलं नाही.